ओली माती, कोरडी माती

वलगावात राहून चित्रकार म्हणवून घ्यायचं, तर गाडगेबाबा काढता यायलाच हवेत. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबांना अमरावतीकडे नेत असताना त्यांनी इथेच, पेढी नदीच्या काठाशी देह ठेवला. त्यामुळे शाळा असो, ग्रामपंचायत असो की कुणाचं नवं बांधलेलं घर, इथे चित्राची मागणी आली की ती बहुतेक बाबांच्याच चित्राची असते. शाळेत चित्रकला शिकवत होतो तेव्हापासून मी ती काढत आलो. आधी सगळी तैलरंगात, आणि आता काही तैलरंगात तर काही पेस्टलमध्ये.

बाबांचा पेहराव म्हणजे तैलरंगवाल्याची मेजवानीच. अंगावर नाना रंगांच्या चिंध्या, डोक्यावर खापर, हातात खराटा, एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. खापराचा भाजका तांबूसपणा बर्न्ट सिएनाच्या ट्यूबमध्ये जवळजवळ तयारच असतो. काचेसाठी सावलीचा हिरवट काळा रंग लावायचा, तो जरा सुकला की बारीक ब्रशच्या टोकावर घट्ट पांढरा घेऊन एकदाच टेकवायचा. काच झाली. खरं काम चिंध्यांचं. प्रत्येक ठिगळ वेगळ्या रंगाचं, पण अंगरखा मात्र एक दिसला पाहिजे, नाहीतर माणसाऐवजी चिंध्यांचं गाठोडं दिसतं. म्हणून मी आधी टर्पेंटाईनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर सगळ्या अंगरख्यावर फासतो आणि उजेडाच्या जागा कापडाने पुसून काढतो. त्या एका तपकिरी रंगात माणूस उभा राहिला, की मग एकेक ठिगळ. आज निळसर, परवा विटकरी. एखादं ठिगळ फार ओरडायला लागलं तर त्यावर तेलात पातळ केलेला रंग हलकेच फिरवून त्याला गप्प करायचं.

ही ‘परवा’ची सोय हेच तैलरंगाचं मोठेपण. आणि ती सोय आपल्या जवसाने करून ठेवली आहे. विदर्भात जवस म्हटलं की ताटातली चटणी आठवते, पण जगभरच्या तैलचित्रांमध्ये रंगाला धरून ठेवणारं तेल बहुतेक करून हेच. शेंगदाण्याचं तेल कॅनव्हासवर लावलं तर वर्षभराने हात लावा, चिकटच लागेल. जवसाचं तेल वाळतं. वाळतं म्हणजे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट होऊन त्याचा पापुद्रा बनतो. उडून जातं ते टर्पेंटाईन. त्यामुळे हात लावण्याजोगं होण्यासाठी रंगाला काही दिवस लागतात, आणि जाड थर आतून पुरता वाळायला महिनेच्या महिने. खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा, हा नियम यातूनच आला. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो आणि चित्राला भेगा पडतात. बर्न्ट अंबरमध्ये मँगेनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो. सुरुवातीला मी तोच घेतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

तात्पर्य काय, तैलरंगात माणूस निर्णय पुढे ढकलू शकतो. रंग पॅलेटवर कालवा, कॅनव्हासवर लावा, नाही पटला तर नाइफने खरवडा. तीस-पस्तीस वर्षं हाताला हीच सवय. कपाळावरचा उजेड किती पिवळा हवा, हे मी लावल्यावर ठरवायचो. आधी लावायचं, मागे सरकून डोळे बारीक करून बघायचं, मग ठरवायचं.

पेस्टल माझ्याकडे आले ते निवृत्तीनंतर, आणि तेही बाबांसाठी नव्हे, शेतांसाठी. मृगाच्या आधीची, नांगरून पडलेली शेतं जागेवर बसून रंगवायची हौस होती. पण तैलरंगाचा सरंजाम सायकलवर लादून न्यायचा आणि ओला कॅनव्हास परतवाड्याच्या रस्त्याने टिपरच्या धुळीतून घरी आणायचा, तर चित्रात निम्मी माती खरीखुरीच यायची. मुंबईला नोकरीला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने सॉफ्ट पेस्टलची पेटी आणून दिली. पाठीला पिशवी, पिशवीत पेटी, एक प्लायवूडचा तुकडा आणि चार कागद. निघालो.

पेस्टल म्हटलं की आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला मुलं वापरतात ते ऑइल पेस्टल डोळ्यांपुढे येतात. ते निराळे. त्यांत मेण असतं आणि न वाळणारं तेल. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगाची पूड, थोडा चुना-खडूसारखा पांढरा भुगा आणि कांडी हातात मोडू नये एवढ्यापुरता डिंक. संपलं. वाळायचं काही नाही, कारण ओलं काही नाही. कांडी कागदावर घासली की कागदाच्या खरखरीत दाणेदार पोतात पूड अडकते, तीच चित्र.

पेटी उघडून बसलो तेव्हा सगळ्यात आधी जाणवलं की कालवायला काही नाही. मला हवी असलेली छटा पेटीत असेल तर आहे, नसेल तर शेजारच्या दोन कांड्यांच्या रेघा एकमेकींवर टाकून ती डोळ्यांना भासवायची. बोटाने चोळून मिसळता येतं, पण फार चोळलं की रंगाचा जीव जातो आणि राखुंडीसारखं काहीतरी उरतं. शिवाय कागदाचं पोटही लहान. चार-पाच थरांत दाणे भरून जातात, मग पुढची कांडी नुसती घसरते. वरून फिक्सेटिव्ह मारलं तर थोडी पकड परत येते, पण रंग एका छटेने काळवंडतो. म्हणजे जो निर्णय तैलरंगात मी लावल्यावर घेत होतो, तो आता पेटीतून कांडी उचलतानाच घ्यायचा होता. पाहिलं, ठरवलं, उचललं, लावलं. क्रमच उलटा.

शेताने मला याहून मोठी गोष्ट दाखवली. वऱ्हाडातली काळी माती मे महिन्यात काळी नसतेच. भेगाळलेली, राखाडी, उन्हात तर जांभळट दिसते. मृगाचा पहिला पाऊस पडला की तीच माती घटकाभरात काळीभोर होते. मातीत काही बदललेलं नसतं. कोरड्या ढेकळाच्या कणाकणांमध्ये हवा असते, तिथे उजेड विखुरतो आणि माती फिकी दिसते. पाणी शिरलं की ती हवा निघून जाते, उजेड आत शिरतो आणि रंग गडद होतो. तैलरंग आणि पेस्टल यांच्यातला फरक तंतोतंत हाच. गेरू तोच, अल्ट्रामरीनही तोच. तेलात भिजला की पावसानंतरचं शेत, कोरडा राहिला की उन्हाळ्यातलं. हे समजलं आणि पुष्कळ गोष्टी सोप्या झाल्या. तैलरंगातला गडदपणा पेस्टलमध्ये आणायला मी कांडी दाबदाबून कागद फाटेस्तोवर घासत नाही आता. पेस्टलचा गडद म्हणजे शेजारी काय फिकं ठेवलं यावर अवलंबून असलेला गडद. आणि तैलरंगात मेमधलं शेत काढायचं तर तेल कमीत कमी, टर्पेंटाईन जास्त आणि ब्रश जवळजवळ कोरडा, नाहीतर भर उन्हाळ्यातही शेत पाऊस पडून गेल्यासारखं दिसतं.

अजिंठ्याबद्दल मला पूर्वी पडलेलं एक कोडंही इथेच सुटलं. अजिंठा आमच्या वऱ्हाडाच्या वेशीवरच. तिथली चित्रं मातीच्या गिलाव्यावर, पिवळ्या मातीच्या, गेरूच्या, काजळीच्या, हिरव्या मातीच्या रंगांत काढलेली. पृष्ठभाग कोरडा, उजेड सगळीकडून सारखा परत देणारा. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून त्यांच्या नकला केल्या त्या तैलरंगात. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि पेस्तनजी बमनजींसारखे त्यांचे विद्यार्थी यांनी केल्या त्याही तैलरंगात. गिल यांच्या बऱ्याचशा नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, ग्रिफिथ्स यांच्याही पुष्कळ नकला पुढे १८८५ च्या आगीत जळाल्या. उरल्यासुरल्यांची छायाचित्रं पाहताना मला नेहमी वाटायचं, रेषा इतकी हुबेहूब आणि तरी गुहेतली ती हवा का नाही? हवाच नव्हती म्हणून. कोरड्या चित्राची नकल त्यांनी तेलात भिजवून केली होती. हात कितीही तयार असला तरी माध्यम आपलं म्हणणं सोडत नाही.

बाबांचं पेस्टलमधलं पहिलं चित्र मी असंच, स्वतःसाठी काढलं. कागद घेतला मातकट करड्या रंगाचा. इथे चिंध्यांचा प्रश्नच राहिला नाही, कारण तो मातकट कागद जागोजागी उघडा राहून साऱ्या ठिगळांना आपोआप बांधून ठेवत होता. तैलरंगात ज्यासाठी मी आधी सगळा अंगरखा तपकिरी करतो, ते काम कागदाने फुकटात केलं. कस लागला दाढीला. दाढी पांढरी, म्हणून पांढरी कांडी उचलायचा मोह होतो. पण पांढऱ्याहून उजळ काही पेटीत नसतं. तो आधीच खर्चून टाकला तर शेवटी हातात काही उरत नाही. म्हणून आधी फिकी निळसर करडी कांडी आडवी धरून, कागद न झाकता, नुसती ओढली. गालाच्या सावलीत थोडा मळका हिरवा. हनुवटीखाली ऊन जिथून परत उसळतं तिथे किंचित गुलाबी. पांढरी कांडी सगळ्यात शेवटी, ओठाच्या कडेला, उजेड थेट पडतो तेवढ्याच केसांवर. तैलरंगातल्या दाढीवर मी ब्रशच्या मागच्या टोकाने ओल्या रंगात केस ओरखडायचो, त्या दाढ्या छान दिसत, पण त्या विंचरलेल्या वाटत. ही दाढी रस्ता झाडून आलेल्या माणसाची वाटत होती. तिच्यात धूळ होती. अर्थात, होती ती धूळच.

तिथून पुन्हा तैलरंगाकडे आलो तेव्हा हात अडखळला. पेस्टलची सवय झालेल्या माणसाला पॅलेटवर रंग कालवत बसणं म्हणजे वेळ काढणं वाटतं. ब्रश दांडक्याच्या टोकाशी धरायचा असतो, तो मी कांडीसारखा चिमटीत धरू लागलो. पण एक नवी गोष्टही घडली. कपाळावर रंग लावायच्या आधी तो पॅलेटवरच नीट तपासायला लागलो. ढकलाढकली कमी झाली, खरवडणं कमी झालं, थर कमी झाले. उलट पेस्टलकडे जाताना तैलरंगाने काही दिलं का? दिलं. मोठे आकार आधी पाहण्याची शिस्त. नुसतं पेस्टल करणाऱ्याला कांडीच्या रेघांचं वेड लागतं, नाकाच्या शेंड्यापासून सुरुवात करून तो कानापर्यंत कोरीव काम करत जातो. पुसलेल्या अंबरमधून माणूस उभा करायची सवय असली की असं होत नाही. म्हणून हल्ली मी फार काळ एकाच माध्यमात राहत नाही. एका माध्यमाच्या लकबी हातात मुरायला लागल्या की दुसऱ्याकडे जातो.

तसा आमच्याकडे ऋतूही या बाबतीत बरंच काही ठरवतो. पेस्टलचे खरे दिवस दिवाळी ते होळी. हवा कोरडी, ऊन सोसवणारं, कागद ताठ. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे गेला की घरात बसून पेस्टल नको; पंखा लावला तर पूड उडते आणि बंद केला तर कपाळावरचा घाम थेट कागदावर. तेव्हा तैलरंग बरा, लवकरही वाळतो. पावसाळ्यात दोघंही छळतात. कागद दमट होऊन लुळा पडतो आणि काचेमागच्या पेस्टलला बुरशी धरते. तैलरंग वाळता वाळत नाही आणि संध्याकाळी दिवा लावला की शेतातली चिलटं नि पाकोळ्या ओल्या कॅनव्हासवर येऊन बसतात. त्यांना चिमट्याने वेचून काढणं हाही एक उद्योग. मग श्रावणात मी नुसती कोळशाची रेखाटनं करतो नाहीतर जुन्या फ्रेमा उघडून पुन्हा बसवतो.

प्रकृतीच्या कारणाने माध्यम बदलणारेही असतात. फ्रेंच चित्रकार शार्दँ यांच्या डोळ्यांना म्हातारपणी तैलरंग बाधू लागले, तेव्हा सत्तरी ओलांडल्यावर ते पेस्टलकडे वळले. १७७१ सालचं त्यांचं चष्मा लावलेलं आत्मचित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. मी त्याची छापील प्रत पाहिली आहे. आयुष्यभर तांब्याची भांडी नि पाव रंगवलेल्या माणसाने स्वतःच्या सुरकुत्याही तितक्याच निर्ममपणे रंगवल्या आहेत. चित्रकार देगास यांची नजरही उतारवयात अधू झाली. ते पेस्टलवर वाफ सोडत, त्याचा लगदा करून ब्रशने फिरवत, म्हणजे दोन माध्यमांमधली भिंतच त्यांनी पाडली. आपल्याकडे कोल्हापूरचे चंद्रकांत मांडरे सिनेमातले नायक म्हणून गाजले, पण ते बाबूराव पेंटरांच्या तालमीतले चित्रकार. तैलरंगाबरोबरच रंगाची पूड कागदावर चोळून करायच्या पावडर शेडिंगमधली त्यांची निसर्गचित्रं राजारामपुरीतल्या त्यांच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. पेस्टल हे परदेशी फॅड वाटणाऱ्यांनी ती जरूर पाहावीत. कोरड्या रंगाची जाण या मातीत होती. मला स्वतःला टर्पेंटाईनच्या वासाने खोकला येतो म्हणून डॉक्टरांनी तैलरंग कमी करायला सांगितला. त्यांना पेस्टलची पूड दाखवली तर म्हणाले, हे तर त्याहून वाईट. आता मास्क लावतो, पूड फुंकत नाही, आणि काम झालं की फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसतो.

राहिला व्यवहार. तैलचित्राला इथे मान आहे. “ऑइल पेंटिंग हाये” म्हटलं की माणूस एक पाऊल मागे सरकून बघतो. पेस्टलचं तसं नाही. एका गृहस्थांना माझं पेस्टलमधलं बाबांचं चित्र फार आवडलं. किंमत ऐकल्यावर म्हणाले, “सर, खडूचं हाये म्हनता, मंग एवढे पैशे काहून?” मी म्हटलं, “भाऊ, खडूचे नाही, काय पुसायचं नाही हे कळायला वेळ लागला त्याचे.” त्यांना ते पटलं नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पेस्टलला काच लागते, काच आणि कागद यांच्यात मोकळी जागा लागते, त्यासाठी जाड माउंट. फ्रेमवाल्याला दर वेळी बजावावं लागतं की कागदावरून हात फिरवून धूळ झटकू नकोस. एसटीने पाठवायचं तर चित्र उभं नाही, आडवं ठेवायचं, नाहीतर खड्ड्याखड्ड्याला थोडी पूड सुटून माउंटवर पडते. तैलचित्र मात्र भिंतीवरून उतरवून ओलसर कापडाने हलकेच पुसलं तरी चालतं. शाळेच्या सभागृहात, जिथे पश्चिमेचं ऊन येतं आणि पोरं भिंतीवर चेंडू मारतात, तिथे मी पेस्टल देतच नाही. काच चकाकते आणि फुटतेही.

शिकायला येणारी मुलं विचारतात, आधी काय शिकू? रिवाज असा की आधी कोरडी माध्यमं, मग जलरंग, मग तैलरंग, जणू पायऱ्याच. मी त्यांना दोन्ही एकत्र सुरू करायला लावतो. एकच मडकं, एकाच खिडकीच्या उजेडात, एक आठवडा पेस्टलमध्ये आणि पुढचा आठवडा तैलरंगात. पहिल्या आठवड्यात मुलं कंटाळतात, कारण पेस्टलमध्ये ठरवावं लागतं. दुसऱ्या आठवड्यात सुखावतात, कारण तैलरंग माफ करतो. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पेस्टल दिला की बहुतेकांची कांडी उचलण्याआधी नजर मडक्यावर थोडी जास्त वेळ थांबलेली असते. त्यापुढे कोणतं माध्यम धरायचं ते त्यांनी आपलं आपण ठरवावं. खर्च दोन्हीला सारखाच येतो, फक्त तैलरंगात तो आधी दिसत नाही.